डेडस्टॉकमधला सोविएत संघ

आमच्या शाळेत जग ऑप्शनला टाकलेलं होतं. नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात शेवटचे धडे जगाचे होते: दोन महायुद्धं, रशियातली क्रांती, शीतयुद्ध, नव्याने स्वतंत्र झालेले देश. तिथवर पोचता पोचता फेब्रुवारी उजाडायचा आणि मुख्याध्यापक सांगायचे, "तेवढं ऑप्शनला टाका. नववीला बोर्ड नाही, आणि गाइडमध्ये आहेच की सगळं." मुलं गाइडमधले दोन प्रश्न घोकायची. कोट्यवधी माणसं मेली त्याला चार मार्क, तेही मुद्द्यांत लिहिलं तर. मला याचा संताप यायचा आणि तो मी लपवतही नसे.

शाळा जळगाव-धुळे रस्त्यावरच्या एका गावात होती, पारोळ्याच्या अलीकडे. मी पिंप्राळ्याहून एसटीने अप-डाऊन करायची. आम्ही बौद्ध, आमच्या गल्लीतली पहिली बी.एड. मी. वडील रेल्वेत गँगमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. नव्वदच्या जूनमध्ये मला ऑर्डर मिळाली, तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले आणि वर प्रत्येकाला बजावून सांगितलं, "दोन वर्षं प्रोबेशन. मग पोरगी कायम." तेव्हापासून घरातली प्रत्येक गोष्ट कायम होण्यावर येऊन थांबायची. भावाचं कॉलेज, मागच्या भिंतीचं प्लास्टर, आईचा मोतीबिंदू, सगळं मी कायम झाल्यावर.

पहिल्याच वर्षी आखातात युद्ध पेटलं आणि इकडे डिझेल मिळेना. पंपासमोर कॅन घेतलेल्यांच्या रांगा लागल्या. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, लढाई तिकडे आणि आमचं इंजिन का बंद?" शेतावरचं पाण्याचं इंजिन डिझेलवर चालायचं आणि बापाने तिला शाळा बुडवून दोन दिवस रांगेत उभं केलं होतं. माझ्या उभ्या शिक्षणात इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी खडू घेतला, फळ्यावर आखात काढलं, विहिरी काढल्या, जहाजांची वाट काढली. तेलासाठी माणसं कुठे कुठे गेली तेही सांगितलं: दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा अझरबैजानमधल्या बाकूच्या तेलाच्या ओढीने निघाल्या होत्या, ते बाकू कॅस्पियन समुद्राच्या काठी कसं आहे, वगैरे. त्या दिवसापासून मी ठरवलं, जग माझ्या वर्गात ऑप्शनला जाणार नाही. रोज पहिली दहा मिनिटं आदल्या दिवसाचा पेपर. आदल्या दिवसाचा अशासाठी, की आजचा पेपर दुपारच्या गाडीने यायचा.

मुख्याध्यापकांना ते खटकायचं. संस्थेच्या अध्यक्षांना गावात सगळे आबा म्हणत. ते मात्र नुसते हसायचे.

एक्क्याण्णवच्या डिसेंबरअखेर सोविएत संघ संपला. मी पेपर वाचून दाखवला. तीच मुलगी आता नववीत होती. ती उठली. "बाई, देश नाही राहिला, मग नकाशात का आहे?"

जगाचा नकाशा शाळेत एकच होता, कापडावर चिकटवलेला, वरखाली लाकडी दांडे. तो कपाटात असायचा आणि तपासणीच्या दिवशी तेवढा भिंतीवर यायचा. त्यावर सोविएत संघ नावाचा भलामोठा गुलाबी तुकडा होता. त्या आठवड्यात मी तो नकाशा मागून घेतला. पेपरात काडेपेटीएवढा नकाशा छापून आला होता: तुकड्यांवर आकडे आणि खाली आकड्यांसमोर देशांची नावं. नेमकी घडी तिथूनच गेलेली, काही आकडे पुसटलेले. तो समोर ठेवून, पट्टी आणि काळं स्केचपेन घेऊन मी भर वर्गात त्या गुलाबी तुकड्यावर नव्या सीमा आखल्या आणि पंधरा नावं लिहिली. मुलं बाकांवर चढून बघत होती. त्या तासाइतका आनंद मला शिकवताना क्वचित झाला असेल.

नकाशा परत न्यायला आलेल्या शिपायाने कपाळाला हात लावला. "अरे बापरे, बाईनी बठ्ठा नकाशा बिघाडी टाका!" असं ओरडतच तो ऑफिसात गेला.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. तो नकाशा म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेली वस्तू. रजिस्टरवरची वस्तू मोडली, फाटली, वाळवीने खाल्ली तरी ती निर्लेखित, म्हणजे रजिस्टरमधून कमी, झाल्याचा ठराव होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आमच्याकडे तीन पायांची खुर्ची अशीच ठरावाची वाट बघत कोपऱ्यात उभी होती. म्हणजे देश जगातून गेला तरी चालेल, पण ठराव झाल्याशिवाय तो आमच्या कपाटातून जाणार नव्हता! मेमोत लिहिलं होतं, शालेय मालमत्तेचं विद्रूपीकरण केल्याबद्दल लेखी माफीनामा सादर करावा.

मी लिहिलं, नकाशातली चूक शिक्षकाने दाखवायची नाही तर कोणी? माफीचा प्रश्न येत नाही.

मग आबांनी घरी बोलावून घेतलं. चहा पाजला. बोलणं मायेचं होतं. "बाई, रशिया तुटना, तुटू द्या. तो काय आपला बांधले लागेल शे? दोन ओळी लिखी द्या. त्यामा तुमनं काय जास?" मी म्हटलं, "आबा, मी चूक केली असती तर लिहिलं असतं." आबांनी बशी खाली ठेवली. मी निघताना मात्र त्यांनी स्पष्टच सांगितलं, की एप्रिलमध्ये कायम करायच्या ठरावात माझं नाव धरायचं की नाही, हे त्या कागदावर आहे.

घरी वडिलांना सांगितलं. मला वाटलं होतं ते माझ्या बाजूने उभे राहतील. आमच्या घरात मान वर ठेवून जगण्याच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या. पण ते तंबाखू मळता मळता म्हणाले, "लिहून दे माय. नोकरी कागदाने येते आणि कागदानेच जाते." मी चिडून आत निघून गेले. दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

फेब्रुवारीत तपासणी आली. दुसरा नकाशा नसल्यामुळे मुख्याध्यापकांना तोच टांगावा लागला. जिल्ह्याहून आलेले तपासणीचे साहेब नववीच्या वर्गात शिरले आणि थेट भिंतीपाशी गेले. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "या बाईंनीच ते केलंय साहेब. मेमो दिलेला आहे." साहेबांनी चष्मा वर सारून एकेक नाव वाचलं. मी छाती काढून उभी होते. येऊ दे काय यायचं ते, मी मनात म्हणत होते.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आवाज आला. "बाई, हाई उलटं शे."

तीच मुलगी. वर्गात घरची बोली सोडून मराठीत बोलायचं हा नियम ती घाईत विसरली होती. साहेब वळले. "काय उलटं आहे?"

ती उठली, नकाशाजवळ आली आणि काळ्या समुद्राच्या पलीकडे बोट ठेवलं. "बाई, बाकू अझरबैजानमा शे, तुम्हीच सांगेल व्हतं. तेलनं गाव, समुद्रना काठवर. आठे अझरबैजानले समुद्रच नही."

मी बघितलं. आर्मेनिया मी कॅस्पियनच्या काठी लिहिला होता आणि अझरबैजान आत, डोंगरात कोंडून टाकला होता. पेपरच्या घडीवरचे दोन पुसट आकडे मी अदलाबदल करून वाचले होते. महिनाभर तो नकाशा मी छातीशी धरून भांडत होते, आणि माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं.

खरं सांगते, पहिला राग त्या पोरीचाच आला. आजच बोलायचं होतं का तुला? मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं. "बस खाली" एवढं म्हटलं असतं तर ती बसली असती, कारण आमच्याकडे बाईंचं चुकलं असं म्हणायची पद्धतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. भेदरलेली होती, पण बोट तिने काढलं नव्हतं.

वर्षभर मी या मुलांना काय सांगत होते? छापलेलं आहे म्हणून खरं मानू नका. आणि माझं लिहिलेलं तेवढं खरं?

मी टेबलावरचं स्केचपेन उचललं आणि तिच्या हातात दिलं. "तुझं बरोबर आहे. माझं चुकलं. खोड आणि नीट लिही." तिने साहेबांसमोर दोन्ही नावं खोडली आणि शेजारी बारीक अक्षरात बरोबर लिहिली. साहेबांनी शेरेबुकात काहीतरी लिहिलं आणि दहावीच्या वर्गाकडे निघून गेले.

संध्याकाळी ऑफिसातून बोलावणं आलं. मुख्याध्यापक पहिल्यांदाच माझ्याशी हसून बोलले. शेरेबुक माझ्यासमोर उघडलं. साहेबांनी लिहिलं होतं: नकाशावरील दुरुस्ती सदोष आढळली, संबंधित शिक्षिकेने चूक मान्य केली. मुख्याध्यापक म्हणाले, "झालं की बाई! हाच माफीनामा धरू. तुम्ही खाली फक्त सही करा, मेमो फाइल करतो. आबांशी बोलणं झालंय. ठरावात नाव येईल." त्यांनी पेनचं टोपण काढून पेनही पुढे केलं.

मला त्या क्षणी आईचे डोळे दिसले, मागची भिंत दिसली, पेढ्यांचा बॉक्स घेऊन गल्लीत फिरणारे वडील दिसले. नुसती सही होती. चूक मी केलीच होती, सगळ्या वर्गासमोर कबूलही केली होती. खोटं असं त्यात एक अक्षर नव्हतं. पण खाली माझी सही पडली, की त्या कागदाचा अर्थ बदलणार होता. पुढच्या प्रत्येक मास्तरला तो दाखवून सांगितलं असतं, बघा, नकाशाला हात लावणाऱ्या बाईंनी शेवटी चूक कबूल केली.

मी पेन घेतलं आणि शेऱ्याखाली लिहिलं: चूक दोन नावांची होती. ती नववीच्या विद्यार्थिनीने दाखवली व तिनेच दुरुस्त केली. नकाशा बदलणे ही चूक नव्हती, ते माझे काम होते. मग खाली सही केली, तारीख टाकली. तेवढा मजकूर सहीसकट माझ्या वहीत उतरवून घेतला आणि सहाची एसटी पकडली.

एप्रिलमध्ये पत्र आलं. सेवा समाधानकारक नसल्यामुळे समाप्त करण्यात येत आहे. पुढे वर्ष-दीड वर्ष मी शिकवण्या केल्या, मग धुळ्याला एका शाळेत लागले, तिथे कायम झाले. पण त्या एप्रिलमध्ये हे काहीच ठाऊक नव्हतं. पत्र मी वडिलांच्या हातात दिलं आणि त्यांनी काही बोलायच्या आत वहीतलं ते पानही समोर धरलं. मी भांडायच्या तयारीतच होते.

त्यांनी चष्मा लावला. पत्र एकदा वाचलं, पान दोनदा. रेल्वेतल्या माणसाच्या सवयीने प्रत्येक शब्दावर बोट ठेवून.

"मी दिला होता एकदा लिहून," ते म्हणाले. "तू तेव्हा पाळण्यात होतीस. दोन रूळ जोडणारी फिशप्लेट दुसऱ्याने सैल सोडली होती. साहेबाने माझ्याकडून घेतलं लिहून. माझी चूक झाली, माफ करा."

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आईलाही नसावं, कारण ती चुलीपुढून उठून दाराशी आली.

"नोकरी राहिली," ते म्हणाले. "पुढे वीस-बावीस वर्षं राहिली. तुमचं सगळ्यांचं झालं त्याच्यावर."

त्यांनी वहीतल्या पानावर पुन्हा बोट ठेवलं, माझ्या सहीच्या वरच्या ओळीवर.

"पण खाली असं लिहिता येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."