सोमवारी बघू

मालवणात एका सरकारी कचेरीत मी खिडकीवर बसते. कागद घ्यायचे, तपासायचे, काय कमी आहे ते सांगायचं. माणसं दारापर्यंत आपसात मालवणीत कचाकचा भांडत येतात आणि खिडकीशी पोचली की घसा खाकरून शुद्ध मराठीवर जातात. "मॅडम, एक काम होतं." मीही तशीच. घरी मालवणी, खिडकीवर शुद्ध. आमच्याकडे सगळ्यांचंच असं चालतं.

काम मला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून म्हणाल, बिचारी. बिचारी कसली! माझ्या टेबलावर एक कागद कधी पडून राहिला नाही. "तुम्ही रजेवर गेलात तर खिडकी बंदच ठेवावी लागेल," असं साहेब म्हणायचे आणि मी मूर्खासारखी फुलायची. कामाच्या वेळात मोबाइल ड्रॉवरमध्ये, आवाज बंद करून. हा नियम कुणी लादला नव्हता, माझा मीच केला होता.

आई धामापूरच्या बाजूला आमच्या घरी एकटी राहते. खरं तर रोज येऊनजाऊन करण्याइतकंच अंतर. पण संध्याकाळची एसटी पकडायची तर वेळेवर खुर्चीतून उठायला हवं, आणि ते मला जमायचं नाही. म्हणून मालवणात खोली घेतली. शुक्रवारी संध्याकाळी घरी, सोमवारी सकाळी परत. अगदीच अडलं तर म्हणून आईला ऑफिसच्या फोनचा नंबर दिला होता. तो तिने कॅलेंडरच्या मागे मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला, पण कधी लावला नव्हता.

एका शुक्रवारी सकाळी तो फोन वाजला. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, सुट्टी असून आम्ही सगळे येणार होतो; या शुक्रवारी घरी येणं जमणार नाही, हे आईला आधीच सांगून ठेवलं होतं. खिडकीसमोर रांग, प्रिंटरची खडखड. मी रिसीव्हर खांद्यात धरून म्हटलं, "हां, बोला."

"मॅडम, जरा काम होतं," पलीकडून एक बाई म्हणाली. "कधी जमेल?"

"आज नाही. सोमवारी बघू."

"बरं मॅडम." आणि फोन ठेवला. मी पुढचा कागद ओढला.

तपासणी छान झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. रविवारी दुपारी मी बाजारातून चांगले ताजे बांगडे घेऊन घरी गेले. आई पडवीत बसली होती. बांगडे बघून ती उठली नाही. आमच्या घरात मासे तिच्याशिवाय कुणी साफ केलेले तिला चालत नाहीत, मी केले तर परत धुऊन घेते.

"तूच कर गो आज," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पण तू सोमवारी येतलंस म्हणालंस ना? आज कसा काय इलंस?"

"मी कधी म्हटलंय?"

"फोनार."

तेव्हा मला तिचा उजवा हात दिसला. मनगटाला जुन्या साडीची पट्टी, बोटं सुजून जाड झालेली. शुक्रवारी सकाळी न्हाणीत घसरली होती. शेजारीण म्हणत होती दवाखान्यात जाऊया, तर हिने सांगितलं, चेडू सोमवारी येतला, मगे जातंव.

"आये, माका सांगूक नाय? मॅडम कित्याक म्हणालंस?" मी ओरडलेच.

"साहेब बाजूक आसतले म्हणान तू तसा बोलतंस, असा वाटला माका. म्हणान मी पण तसाच बोललंय. तुका लाज नको."

शिरा पडो माझ्या तोंडार! आवाज आईचा होता. पण जी मराठी ती डॉक्टर आणि तलाठी यांच्यापुढेच बाहेर काढते, ती माझ्याशी जन्मात कधी बोलली नव्हती, आणि मी आवाज ऐकलाच नाही. 'मॅडम' म्हणणारी आणखी एक बाई, एवढंच ऐकलं.

त्याच दुपारी रिक्षा करून तिला कुडाळला नेलं. एक्स-रे, प्लास्टर, सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, "त्याच दिवशी आणायला हवं होतं."

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट थोडं वाकडं राहिलेलं. भात कालवता येतो, झाडू मारता येतो. अंबाडा मात्र घालता येत नाही, हात मागे वळत नाही. तो आता मी घालते. त्यासाठी खोली सोडली, रोज येऊनजाऊन करते. सकाळी सातच्या एसटीआधी ती पाठमोरी बसते आणि मी केस विंचरते. घट्ट झाला की "मेले, ओढतंस कित्याक" म्हणून ओरडते. संध्याकाळी ऑफिस सुटलं की एसटीसाठी मी लगेच उठते. त्याने ऑफिस काही बंद पडलं नाही. मला त्याचा थोडा रागही आला, खोटं कशाला सांगू.

काम अजून आवडतं. मोबाइल आता टेबलावर, आवाज चालू ठेवून असतो. पण आई त्यावर फोन करत नाही. कॅलेंडरवरचाच नंबर लावते, भरल्या रांगेत, आणि अगदी हळू विचारते, "मॅडम आहेत का?"

ती माझी चेष्टा करते की अजून घाबरते, हे मला तिला विचारवत नाही. मी रांगेसमोर मोठ्याने ओरडते, "आये, मीच गो! बोल, काय झाला?"