ऐंशी अंशांचा रकाना

मारुतराव चाकणच्या एका छोट्या कोटिंग कारखान्यात एकोणीस वर्षं सुपरवायझर होते. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. रोज काळेवाडीहून भल्या सकाळी निघायचं, पहिली शिफ्ट उरकून परत यायचं. गुडघे आताशा जिन्यालाच शरण जात. पण त्यांच्या रजिस्टरात एकही रकाना कधी कोरा सापडला नाही, आणि त्यानेच घात केला.

एका बड्या कंपनीने दावा लावला होता: भागांवर सूक्ष्म कणांचा थर चढवायची ही पद्धत आमच्या पेटंटची आहे. निकाल विरुद्ध गेला तर लाइन बंद, चाळीस माणसं घरी. म्हणून गुरुवारी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, वकील रुपाली मॅडम चिंचवडहून आल्या. मालक उद्धवशेठ आणि मारुतराव समोर बसले.

"पेटंटच्या दाव्यात पाच पायऱ्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "पाचही जुळल्या तरच आपण अडकतो. धुणं, पहिला थर, भट्टीत ऐंशी अंशांवर वीस मिनिटं, दुसरा थर, शेवटची भाजणी. कोर्टाने नेमलेल्या माणसाने रजिस्टरच्या झेरॉक्स नेल्यात. पाचही जुळतात."

मारुतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तिसरी आपण करत नाही."

"काय?" शेठ पुढे सरकले.

"भट्टी एकच आहे, शेठ. मधल्या थराला घातली तर शेवटची भाजणी तुंबते. आपण ट्रे पंख्याखाली ठेवतो. पाऊण तास."

"अहो, मग चार वर्षं 'ऐंशी, वीस' लिहिताय कशाला?"

"गिऱ्हाइकाने दिलेल्या तक्त्यात तसं होतं. ऑडिटर रकाना बघतो, ट्रे नाही."

"वा! लिहायला बरे हुशार तुम्ही!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "यावर आपण लढू शकतो. ते म्हणतील, वाळवणं आणि तापवणं एकच. ते मी बघते. पण रजिस्टर खोटं होतं, हे तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल. गिऱ्हाईकही ते वाचेल. मग ते तुम्हाला लाइनवर ठेवू देणार नाहीत."

बाहेर बंद कारखान्यात एखादा पत्रा तेवढा वाजत होता. मारुतरावांना राग आला नाही, भीतीही वाटली नाही. नुसता थकवा आला, एकोणीस वर्षांचा एकदम.

"कुठं सही करायची?"

शुक्रवारी पहिल्या शिफ्टला विक्की रजिस्टर घेऊन आला. पंधरा वर्षं इथंच काम करणारा जुना ऑपरेटर. कालची बातमी त्याच्या कानावर गेली होती.

"राव, तिसऱ्या रकान्यात आज काय टाकू?"

मारुतरावांनी पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं: भट्टी नाही. पंख्याखाली, पंचेचाळीस मिनिटं. खाली सही केली. मग ट्रेजवळ स्टूल ओढून ते घड्याळाकडे बघत बसले.