प्रल्हादचं दिल्लीला उत्तर

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोहारा गावातल्या आमच्या शिलाईच्या शेडमध्ये कापड मांडत होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मी "बरं" म्हणालो... आणि फोन ठेवून उरलेलं कापड कापलं. असं कसं केलं, देव जाणे. त्या दिवशी रडू आलं नाही, महिना उलटला तरी आलेलं नाही.

आम्ही भागीदार. बुलेटप्रूफ जॅकेटच्या कापडी खोळी शिवायचो. आतल्या कडक पाट्या दुसरे घालत. शिलाई माझी, लिहिणं-बोलणं त्याचं. बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावरचा, दिलदार आणि भयंकर हट्टी. देशातली कामं आटली होती. परदेशातल्या एका पोलीस खात्याची मागणी आली नसती तर शिवणाऱ्या बायांना घरी बसवावं लागलं असतं. मग कळलं, नुसती खोळ असली तरी ती लष्करी सामानात मोडते, दिल्लीची परवानगी लागते. मी चिडवलं, "तुह्या पणजोबाले बैलांवर माल लादून लदेणी नेताना कोणी पुसलं होतं का बे?" तो गडगडाटी हसला.

दिल्लीत एक खातं वस्तू बघतं, दुसरं देश बघतं, तिसरं घेणाऱ्याची चौकशी करतं, मग सगळे मिळून ठरवतात. त्यांनी विचारलं, माल शेवटी कोण वापरणार? पुढे दुसऱ्याला तर देणार नाहीत ना? प्रल्हादनं इमानदारीत कळवलं, शेजाऱ्याला गरज पडली तर देतीलच, माणसंच आहेत. तांड्यावर लग्नाची मोठी कढई अशीच घरोघरी फिरते, ती कोणाची हे कोणी विचारत नाही. झालं! फाइल तिथंच अडकली.

"अरे येड्या, असं लिहितेत काय?"

"मंग लबाड लिवू का?"

माझं डोकंच फिरलं. शेवटी घेणाऱ्यांकडून, माल पुढे कोणाला देणार नाही अशी, त्यांच्या सरकारच्या शिक्क्याची हमी मागवली, अर्ज नव्यानं फिरला. वाट बघता बघता प्रल्हादच बदलला. एकदा डबा खाताना म्हणाला, "ते बरोबर पुसून राह्यले गा. कढई कोणाच्याही घरी गेली तरी तिच्यात भाजीच शिजते. हे घालून कोण कोणावर बंदूक धरते, आपल्याले काय माहीत?" मी भाकरी खात राहिलो.

परवानगी आली ती त्याच्या तेराव्यानंतर. शेडमध्ये वाचून दाखवली. मशिनी थांबल्या, एक बाई रडली, मशिनी पुन्हा सुरू झाल्या. मला हायसं वाटायला हवं होतं... काहीच वाटलं नाही. माल बांधला, रवाना केला.

परवा वहिनी शेडवर आल्या. खुंटीवरचा त्याचा स्वेटर काढून चौकीदार मारोतीला देऊ लागल्या. "थंडी हाय, घेऊन जाय." मारोतीनं हात पुढे केला आणि मी मध्येच बाही धरली.

"तूच घालशील ना? दुसऱ्या कोणाले देशील नाही."

"नाही देत, साहेब."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. तरी बाही माझ्या हातून सुटेना.