नळी आधी, सांधा मागून

तंजावूरच्या बँकेतले गुरुमूर्ती म्हणजे असा माणूस, की पुढची दहा कामं सुरेख आणि पहिलं मात्र राहिलेलं. लेक दिव्यश्रीने स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं, तेव्हा त्यांनी मुलाचं कूळ, पगार, घर, सगळी चौकशी केली. लेकीशी बोलायचं तेवढं राहिलं. लग्नालाही गेले नाहीत.

दोन वर्षांनी, शहाण्णव साली, ती तान्ह्याला घेऊन येणार होती. एसटीडी बूथवरून तिने आईला एकच अट घातली: अप्पांनी स्वतः स्टेशनवर यावं.

बँकवाल्यांच्या दारात मोटारी उभ्या राहण्याचे ते दिवस. गुरुमूर्तींनीही जुनी एक घेतली होती. दुपारी पाहतात तर हेडलाइट पेटेना. बल्बमागचा कनेक्टर वितळून काळा पडलेला. रेल्वे दिवेलागणीची.

“आटोंत जाऊं या हो,” बायको राजम म्हणाली.

“मोटार असतां आटो कशाला?”

नवा कनेक्टर घेऊन ते बसले. तिन्ही वायरी सोलल्या, पीळ दिला, सोल्डर कसं छान पाझरलं. मग पाहतात तर सांध्यावर चढवायची, धग लागली की आवळणारी काळी नळी कट्ट्यावरच! ती आधी वायरीत ओवायची असते. मागून कनेक्टर आड येतो. कापलं, पुन्हा सोललं. आता नळी ओवली, पण सांध्याच्या इतकी जवळ, की सोल्डरच्या धगीने तिथेच आवळून बसली. पुन्हा कापलं. वायर आखूड झाली, पारा चढला. स्वतःच्या हातांचा इतका संताप त्यांना कधी आला नव्हता.

“पोदुम, पुरे आतां,” राजम म्हणाली. “ टेप गुंडाळा आणि चला.”

“ओल शिरेल त्यांत. तूं हो पुढें, मी आलोंच.”

राजम एकटी गेली.

तिसऱ्या खेपेला त्यांनी नळी लांब सरकवली, सांधा निवू दिला, मग ती वर ओढून काडीच्या आचेने आवळली. बटण दाबलं. लख्ख उजेड फाटकावर पडला. तिथे राजम उभी होती आणि शेजारी दिव्यश्री, बाळाच्या डोळ्यांवर हात धरून.

“दिवा मालवा, अप्पा,” ती म्हणाली. “मी मोटार मागितली नव्हती. तुम्हांस बोलाविलें होतें.”

त्यांनी दिवा मालवला. “नळी आधीं घालायची राहिली,” ते म्हणाले.

“तुमचें आधींचें तेवढेंच राहतें,” राजम म्हणाली.

गुरुमूर्ती फडकं शोधू लागले. त्यांनी हात पुसायच्या आत दिव्यश्रीने बाळ त्यांच्या हातांत दिलं. झबल्यावर काळी बोटं उमटली.