न फुललेली गोळी

रोज सकाळचा चहा झाला की तोताराम नाना मळ्याच्या बांधावर जाऊन उभे राहायचे आणि समोर दिसेल ते काहीतरी नजरेत धरून बायकोला, बेबाबाईंना विचारायचे, "तो बगळा कितल्या ओळींवर हाये?"

"मले काय माहीत? तो काय माझा पाहुणा हाये?"

"बेचाळीस," असं स्वतःच ठरवून नाना चालायला लागायचे. बगळा उडून जायचा. नाना तो उभा होता तिथवर ओळी मोजत जायचे आणि तिकडूनच बोटं वर करून किती चुकलं ते दाखवायचे. एक-दोनचा फरक पडला तर हसायचे. पाच-सहाचा पडला तर दुपारच्या जेवणापर्यंत गप्प.

असोद्यात बाकीची माणसं फुटांत, मीटरमध्ये बोलायची. नानांचं माप केळीच्या ओळीचं. दोन ओळींत पाच फूट. वडिलांनी तशी लावली, त्यांनीही तशीच लावत नेली. एकदा भाचीच्या लग्नाहून परत येताना ते सारखे कुरकुरत होते, "हात धुवायचं पाणी ऐंशी ओळींवर ठेवलं त्यांनी. वऱ्हाडी हायेत का बैल?" बेबाबाई एसटीत तोंडाला पदर लावून हसत राहिल्या.

हे वेड बंदुकीपायी होतं. वडिलांची रायफल रीतसर परवान्यासकट नानांच्या नावावर आली होती. गावात ती एकच. रानडुकरं फार माजली की वनखात्याचा कागद यायचा आणि नाना बंदूक काढायचे. आवड म्हणाल तर त्यांना नव्हती. पण काम हाती आलं की ते नीट समजून घ्यायचं, हा स्वभाव. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी घड उतरल्यावर त्यांनी केळीचे तोडलेले खांब एकामागे एक रचले आणि पन्नास, शंभर आणि दीडशे ओळींवरून एकेक गोळी झाडली. केळीचा खांब म्हणजे आत पाणीच पाणी, जनावराच्या अंगासारखा. मग बेबाबाईंनी कोयत्याने खांब चिरले आणि गोळ्या शोधल्या.

पन्नास ओळींवरची गोळी पुढून उलगडून जास्वंदीसारखी झाली होती. शंभरावरची अर्धीमुर्धी उमललेली. दीडशेवरची सगळे खांब भेदून मागच्या मातीत जाऊन बसली होती, काडतुसात होती तशीच, टोकदार आणि गुळगुळीत.

"ही फुलली नही," नाना तळहातावर ती फिरवत म्हणाले. "लांबून गोळीचा जोर सरतो, मग ती फुलत नही. दाभणासारखी आरपार जाते. जनावर जागी मरत नही, दुखणं घेऊन फिरतं."

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, शंभर ओळींच्या पुढे घोडा ओढायचा नाही. पुढची अडतीस वर्षं ओढला नाही. लोक त्यांना भित्रा म्हणाले, बंदूक देवघरात ठेवा म्हणाले. पण नानांनी मारलेलं जनावर दुसऱ्या दिवशी कुठे कण्हताना सापडलं, असं कुणी म्हणू शकलं नाही. त्यांच्याजवळ दाखवण्यासारखं एवढंच होतं.

गेल्या मार्गशीर्षात शेजारच्या चंदनच्या कोवळ्या केळीत रोही, म्हणजे नीलगाई, शिरले. गुडघाभर रोपं, एका पहाटेत शे-दोनशे पोंगे, मधली न उलगडलेली पानं, खाऊन टाकत. अर्ज झाला, पंधरा दिवसांचा कागद आला. चार दिवस नाना बांधावर बसले आणि चारही दिवस रोही लांबच राहिले.

"नाना, ते काही जवळ येऊन रामराम घालणार नहीत," चंदन म्हणाला. "का बंदूक नुसती दसऱ्याले पुजायची हाये?"

"तुझ्या वावराच्या त्या बांधापर्यंत कितल्या ओळी?"

"पंच्याण्णव. मोजून लावल्या."

पाचव्या दिवशी उजाडता उजाडता एक निळा नर पलीकडच्या बांधावर येऊन आडवा उभा राहिला. घोड्याएवढा. तरीही नानांनी खात्री केली. दर पंचवीस ओळींवर ठिबकचा व्हॉल्व्ह होता, तिसरा व्हॉल्व्ह ओलांडून शेवटचा तुकडा. पंच्याण्णवच. बेबाबाई मागे डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कान झाकले.

आवाज झाला. नर पडला नाही. त्याने पाठीची कमान केली, जरासा थांबला आणि चालत, पळत नव्हे, नाल्याकडे उतरला.

नाना तिथे पोहोचले तेव्हा धापा टाकत होते. मातीवर थोडं रक्त होतं, पातळ, त्यात हिरवट चोथा. फऱ्यावर, पुढच्या खांद्यावर, धरलेली गोळी पोटातून आरपार गेली होती. मागच्या बांधात एक भोक दिसत होतं. नानांनी खुरप्याने उकरलं. गोळी निघाली. टोकदार, गुळगुळीत.

नाना उठून दोन ओळींच्या मध्ये उभे राहिले आणि पाऊल टाकलं. पाऊल पुरलं नाही. दुसरं टाकलं.

"चंदन," त्यांनी हाक मारली, "ही कितल्याची लावली तू?"

"आठ फुटाची, नाना. आता सगळे आठच सोडतात. मधून छोटा ट्रॅक्टर जातो."

पंच्याण्णव ओळी. नानांच्या हिशेबात त्या दीडशेच्या वर होत होत्या. चाळीस वर्षं रोज सकाळी त्यांनी एकच गोष्ट मोजली होती, आणि ओळ केवढी हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ओळ म्हणजे ओळ.

"मी शोधतो त्याले," ते म्हणाले. "आजच संपवतो."

दोन दिवस दोघं नाल्याच्या काठाने हिंडले. नाना पुढे, बेबाबाई मागे पाण्याची बाटली घेऊन. रक्ताचे थेंब आधी पावलापावलावर, मग झाडाझाडाला, मग नाहीच. तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यातून फोन आला. निवडणूक लागली होती, आचारसंहिता सुरू झाली होती. परवान्याची हत्यारं जमा करायची.

"दोन दिवस द्या," ठाण्यात टेबलापुढे उभं राहून नाना म्हणाले. "एक जखमी जनावर हाये माझं."

"नाना, सगळ्यांचीच जमा होतात," हवालदार खरंच हळहळून म्हणाला. "तुम्हाला सोडलं तर उद्या दहा जण येतील. निकाल लागला की घेऊन जा." आणि त्याने पावती पुढे केली.

चौथ्या दिवशी रोही दिसला. नाल्यापलीकडे बाभळीखाली उभा, पोट एका बाजूने फुगलेलं. नाना चालत गेले. पन्नास ओळी, तीस, वीस. तो पळाला नाही. नानांचे हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावे हे त्यांना कळत नव्हतं.

वनरक्षक किरण येऊन पाहून गेली. तिने तिथूनच फोन लावले. गुंगीचं इंजेक्शन देणारी टीम यावलकडे बिबट्यामागे होती. "सर म्हणतात, दोन-तीन दिवसांत येतील," ती म्हणाली, आणि नानांकडे न बघता, "पण पोटाची गोळी आहे, नाना. आले तरी काय करणार आहेत?"

मग नाना रोज जाऊन बसायचे. कोवळे पोंगे कापून पुढे टाकायचे. तो हुंगायचासुद्धा नाही. सहाव्या दिवशी तो खाली बसला. गावातली पोरं मोबाइल घेऊन आली, फोटो काढून गेली. मग कावळे आले. नाना छत्री उघडून त्याच्याजवळ बसले आणि कावळे हाकलत राहिले. बेबाबाईंनी डबा आणला, तो तसाच परत नेला.

"कायले बसता?" त्या म्हणाल्या. "तो मरायचा तेव्हा मरीन."

"त्याले मरायले इतले दिवस मीच लावले."

आठव्या दिवशी दुपारी तो मेला. पंचनामा झाला, जेसीबीने खड्डा केला, चुना टाकला. किरणने कागदावर नानांची सही घेतली. कुणी त्यांना दोष दिला नाही. चंदनने तर गावभर सांगितलं की नानांमुळे रोही हटले. ते काही हटले नव्हते.

निकाल लागला. बाकीच्या गावांतले लोक आपापली हत्यारं घेऊन गेले. नाना गेले नाहीत. सकाळी चहा झाला की ते ओट्यावरच बसत. समोर बगळा असे, म्हैस असे, लांबून येणारी एसटी असे. ते काही विचारत नसत. एकदा बेबाबाईंनीच म्हटलं, "तो खांब कितल्या ओळींवर हाये?" नाना म्हणाले, "काय की." त्यानंतर त्यांनीही विचारलं नाही. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. जळगावच्या डॉक्टरांनी छाती तपासली, गोळ्या लिहून दिल्या.

माघात एका दुपारी चंदन आला. कळप पुन्हा केळीत उतरला होता. "नाना, बंदूक सोडवून आणा ना. अर्ज मी करतो. ह्या वेळी टेपने मोजून देतो तुम्हाले, फुटाचा फरक पडणार नही."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. रागाने नाही, चंदनला राग चालला असता. मग ते भिंतीला हात लावून उठले आणि आतल्या खोलीत गेले. संध्याकाळी बेबाबाई उठवायला गेल्या तेव्हा अंग गार होतं.

दहाव्यापर्यंत येणारा-जाणारा विचारत राहिला, शेवटी काय बोलले? बेबाबाईंना सांगायला लाज वाटायची, इतकं ते साधं होतं. चंदन ओट्यावर तसाच बसला होता आणि नाना दारातून वळून म्हणाले होते, "त्याले चहा दे, बेबा. साखर जास्त टाक, तो तसाच पितो. मी पडतो जरा."