डाव्या हाताचा विळा

कुठलीही लोखंडी वस्तू दिसली की काकाजी आधी तिला टिचकी मारायचे आणि मग कान जवळ न्यायचे. आमच्या अंगणातली खुर्ची, किराणा दुकानातली वजनं, शेलूबाजारच्या स्टँडवर उभी असलेली जीप, त्यांच्या टिचकीतून कोणी सुटलं नाही. जीपच्या चाकावरच्या कमानपाट्याला टिचकी मारून त्यांचा चेहरा खुलला की ड्रायव्हर घाबरायचा.

"काका, चालू गाडी हाये ना!"

"राहू दे चालू. तुटला का माह्याकडे आण. दुसऱ्या कोणाले देऊ नोको."

अशी चालत्या गाड्यांवर त्यांची आगाऊ बुकिंगं असायची. तुमच्याही ओळखीत असा एखादा छंदिष्ट असेल, पण दुसऱ्याची गाडी मोडायची इतक्या प्रेमाने वाट पाहणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

ते आमचे शेजारी, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळा गाव त्यांना काका म्हणायचा. मी गावची सून, म्हणून माझे काकाजी. त्यांच्या घराण्यात कोणी कधी हातोडा धरला नव्हता. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी भंगारातून रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणला, बाभळीच्या ओंडक्यावर बसवला आणि म्हणाले, "हे माही ऐरण." लोक विचारत, "या वयात लोहारकी काहून करून राह्यले?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तीस वर्षं गाडी सरळ ठेवली. आता काही वाकवून पाहू द्या ना!"

भट्टीला वारा घालायला त्यांनी घरातल्या कूलरचा पंखा काढून लावला. ऐन एप्रिलात काकू पदराने वारा घेत ओट्यावर बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "मी घामानं भिजून राह्यली, अन् हे लोखंडाले हवा घालून राह्यले."

सुरुवातीचा माल काय वर्णावा! चिमट्याचा एक पाय लांब, एक आखूड. मला दिलेल्या सराट्याने भाकर उलटवायला गेलं की ती तव्याबाहेर पडायची. तरी मी तो वापरला, कारण दर आठ दिवसांनी ते चौकशी करत. "सराटा कसा हाये, सूनबाई?" मी म्हणायची, "चांगला हाये." ते खुशीत जात. खोटं बोलण्यात इतकं सुख मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

त्या वर्षी थंडीत कडबाकुट्टीच्या यंत्रात माझा उजवा हात गेला. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. विहिरीजवळचं अर्धा एकर भाजीचं वावर मीच पाहायची. पालक, चुका, सांबार म्हणजे कोथिंबीर. कापायचं, जुड्या बांधायच्या आणि बाजारात नेऊन बसायचं. मालक, म्हणजे माझे यजमान, पुण्याकडे कंपनीत. ते धावत आले आणि मायेनेच म्हणाले, "पाडव्यापासून वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊन टाकू. तू आराम कर." त्या आरामाच्या नुसत्या विचाराने माझा जीव कासावीस व्हायचा. वावर गेलं तर मी दिवसभर ओट्यावर बसून कोणाकडे पाहू?

भेटायला येणारे लोक हाताच्या पट्टीकडे पाहायचे, मग छताकडे. काकाजी आले आणि समोर बसले.

"डावा दाखव."

"डाव्याले काही झालं नाही, काकाजी."

"म्हणूनच म्हणतो, दाखव. उजवा सारे पाहून गेले."

खिशातून सुतळी काढून त्यांनी माझ्या डाव्या पंजाचं माप घेतलं. हाताची पट्टी सुटली तशी विळा घेऊन आले. जीपच्या पाट्याचं पातं, बाभळीची मूठ. मूठ डाव्या हातात अशी बसली की मला भरून आलं. मी तशीच वावरात गेले, काकाजी मागोमाग. उजव्या अंगठ्याने आणि करंगळीने पालकाची मूठ धरली, डाव्याने विळा ओढला. पातं भाजीवरून घसरलं. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. पालक चेंदला, कापला काही गेला नाही. माझा इतक्या दिवसांचा राग उसळला आणि मी तो विळा वावराच्या कडेला धुऱ्यावर फेकून दिला.

"मले नोको तुमचा विळा! कोणाची दया नोको मले!"

आजही हे आठवलं की मान खाली जाते. त्यांनी विळा उचलला, मातीत माखलेलं पातं धोतराला पुसलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर काकाजी माझ्या वावरात. उजवा हात दुपट्ट्याने कमरेला करकचून बांधलेला आणि डाव्या हाताने पालक कापायची खटपट चाललेली. तीन दिवस ते तसेच राहिले. जेवले डाव्याने, चहा सांडला डाव्याने. गावात बातमी पसरली की काकाला लकवा मारला. शेलूबाजारचे दोन जीपवाले केळी घेऊन भेटायला आले. काकाजींनी केळी ठेवून घेतली आणि त्यांना विचारलं, "पाटा तुटला का?"

तिसऱ्या दिवशी दुपारी वावरातून त्यांची हाक आली. "सूनबाई! चूक माही हाये, तुह्या हाताची नाही!"

विळ्याचे दाते पात्याच्या एकाच अंगाला पाडलेले असतात. मूठ त्यांनी माझ्या मापाने केली होती, पण दाते मात्र काकूंच्या विळ्याकडे पाहून पाडले होते, उजव्या हाताचे. डाव्या हातात तेच अंग उलटं पडत होतं. त्यांनी दुपट्टा सोडला, सुजलेलं मनगट चोळलं आणि भट्टी पेटवायला घराकडे गेले.

पाडव्याला मालक बटईदाराला घेऊन वावरात आले, तेव्हा मी नव्या विळ्याने कापत होते. कोणाकडे न पाहता वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. वाफा संपवून वळले तर मालक खाली बसून मी कापलेल्या पालकाच्या जुड्या बांधत होते. मान वर न करता ते बटईदाराला म्हणाले, "भाऊ, औंदा राहू द्या."

गेल्या हिवाळ्यात काकाजी गेले. सकाळी उठलेच नाहीत.

त्यानंतर कधीतरी विळ्याची धार बोथटली, म्हणून तो बाजारातल्या लोहाराकडे नेला. त्याने उलटसुलट करून पाहिला. "बाई, याचे दाते उलटे हायेत. सरळ करून देऊ का?"

"नाही दादा. जसे हायेत तसेच ठेवा. माह्या डाव्या हातासाठी केले हायेत."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग दात्यांवरून अंगठा फिरवला. "कोण्या लोहारानं केला?"

"लोहार नव्हते. आमच्या शेजारचे ड्रायव्हर होते."

त्याने विळा उजेडाकडे धरला. मग म्हणाला, "असा मले बी जमला नसता."

काकाजींना सांगायला हवं, म्हणून मी घाईने निघाले. स्टँडपर्यंत आले, तेव्हा कुठे आठवलं. मग तिथेच, जीपच्या आडोशाला उभी राहून रडले.