सातव्या परसाचा दगड

खोटं मी बोललो होतो. दगड चाचांनी बदलले नव्हते. चिठ्ठ्या मीच चुकीच्या चिकटवल्या होत्या, आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारल्यावर "विहिरीवरच्या माणसानं गोंधळ केला असेल" असं सांगून मोकळा झालो होतो. ते एक वाक्य मागं घ्यायला मला बावीस वर्षं लागली.

तेव्हा मी औरंगाबादला भूशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. पाचोडच्या अलीकडे एका शेतात विहिरीचं काम चालू होतं. अभ्यासासाठी मला त्या विहिरीतले दोन दगड हवे होते, एक तांबड्या मातीच्या थराच्या वरचा आणि एक खालचा. आपल्याकडचा काळा खडक म्हणजे निवलेला लाव्हा. एक थर आला, निवला, त्यावर माती धरली. मग पुढचा थर आला आणि ती माती भाजून निघाली. म्हणजे खालचं आधीचं, वरचं नंतरचं. यानं क्रम कळतो, वर्षं कळत नाहीत. त्यासाठी दगड दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागायचा. लाव्हा निवला की त्यातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा अंश ठरलेल्या गतीनं आर्गॉन वायूत बदलू लागतो, आणि तो वायू दगडातच अडकून राहतो. किती साठला ते मोजलं की वय निघतं. पण दगडात पाणी मुरलेलं असेल तर वायू निसटतो आणि दगड आहे त्याहून तरुण ठरतो.

चाचा म्हणजे विहीर खोदणाऱ्या टोळीचे मुकादम. हे सगळं ऐकून ते मेंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "म्हंजे आमच्या दाढीवानीच की. भिजवली का उमर कमी!"

"मग खरी किती, चाचा?"

"पोलीस ॲक्शनच्या वक्ताला मी रांगत होतो, आई सांगायची. मोजा तुमचं तुम्ही."

चाचांची एक पद्धत होती. पुरुषभर खोलीला आमच्याकडे परस म्हणतात. प्रत्येक परसाला निघालेला एक दगड ते धुऊन विहिरीच्या काठावर ओळीनं मांडून ठेवत. मुरमाच्या आणि काळ्या खडकाच्या खोदाईचा दर वेगळा असे. मालकाला शंका आली की चाचा त्या ओळीकडे बोट दाखवत. ती ओळ म्हणजे त्यांचा शब्द होता.

मी ओळीतलेच दगड मागितले. ते देईनात. "खाली चला, भिंतीतला ताजा काढून देतो," म्हणाले. विहीर सात परस झाली होती. दोराला धरून उतरायची मला भीती वाटली आणि तसं सांगायची लाज वाटली. बसची वेळ झालीय असं म्हणत मी बाहेर काढलेल्या दगडांच्या ढिगाकडे वळलो. ढिगाच्या माथ्यावरचा एक दगड उचलून त्याला 'वरचा' अशी चिठ्ठी लावली. तळाचा एक ओढून काढला, त्याला 'खालचा'.

चाचा लांबून ओरडले, "ओ बाबू, ढिगात समदं उलटं असतंय! आधी निघालेलं तळाला जातं!"

"माहितीय, चाचा," मी म्हणालो. डोक्यात पुस्तकातलं चित्र होतं, आणि एका मुकादमानं आपल्याला थर शिकवावेत हे मला पटत नव्हतं.

अहवाल आला. 'खालचा' दगड 'वरच्या'हून कितीतरी तरुण निघाला होता. असं होऊच शकत नाही. माझा 'खालचा' दगड जमिनीलगतचा होता, पाणी मुरून सडलेला. मला ते वाचताक्षणी कळलं, आणि तरीही मी सरांना ते वाक्य सांगितलं. सरांनी पुढच्या फेरीत मालकाला सहज विचारलं. मालकानं सहज घेतलं नाही. मुकादम दगड बदलतो, ही गोष्ट आठवड्याच्या बाजारात फिरली आणि ती विहीर दुसऱ्या टोळीनं पुरी केली. सरांनी मला हे सांगितलं तेव्हाही मी नुसती मान हलवली.

पुढं मी शहरातल्या एका कॉलेजात शिकवू लागलो. खडकाचं वय शिकवताना दरवर्षी ढिगाची गोष्ट सांगायचो, 'एका विद्यार्थ्यानं' असं म्हणून. मुलं हसायची. मागच्या वर्षी एक मुलगी हसली नाही. "सर, मग त्या मुकादमाचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, पाचोडला गेलो.

चाचा घरीच भेटले. दाढी आता पांढरीच ठेवली होती. मी सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "तुमच्याबिगर दगडाला हात कुणी लावला होता?"

"मग काम?"

"करमाडकडं गेलो. लई विहिरी खोदल्या तिकडं. पाणी लागलंच. पाण्याला बदनामी थोडीच कळते!"

अंगणाच्या भिंतीवर सात दगड ओळीत होते. त्याच विहिरीचे. शेवटचा काळा, घट्ट, न सडलेला. मी हरखून म्हणालो, "चाचा, हा द्या. परत तपासून घेतो. अहवाल आला की सगळ्यांना दाखवून सांगतो."

त्यांनी दगड काढून माझ्या हातात दिला. "न्या की. पण दगडाला काय विचारता, सर? तुमाला ठावंच हाय ना?"

तो अहवाल पुढं आला. सुमारे साडेसहा कोटी वर्षं, जसं यायला हवं तसं. पण त्याची वाट बघणं हा माझा आणखी एक आडोसा होता, हे चाचांनी त्या दिवशीच ओळखलं होतं.

"मालक कुठं भेटतील?" मी विचारलं.

"बाजारात. चहाच्या हॉटेलात. मी तिथं बसत नाय."

"आज चला माझ्याबरोबर."

हॉटेल भरलेलं होतं. म्हातारे मालक बाकावर बसले होते. माझ्या हातातला दगड बघून म्हणाले, "काय मास्तर, कांदे तोलायला आणलाय काय?" लोक हसले. मग माझ्या मागं उभे असलेले चाचा त्यांना दिसले.

मी बसलो नाही. "मालक, तुमच्या विहिरीचे दगड चाचांनी बदलले नव्हते. मी ढिगातून उचलले, उलटे लिहिले आणि चूक अंगावर आल्यावर यांचं नाव पुढं केलं. यांची ओळ बरोबर होती." मग मी मागं वळलो. "चाचा, तुम्ही ओरडून सांगितलं होतं. मला ऐकू आलं होतं. मी चुकलो. मला माफ करा."